दीनबंधू नारायणराव लोखंडे

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेव येथे स्थापन केली. दोन वर्षांनी तिच्यात सूत निघू लागले. पुढच्या वीस वर्षांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली आणि परळ, भायखळा, चिंचपोकळी या भागांत उंच धुराड्यांची रांग उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतून माणसे कामासाठी मुंबईत येऊ लागली. शेताचा तुकडा लहान, सारा मोठा आणि सावकाराचे व्याज त्याहून मोठे, अशा कोंडीत सापडलेल्या कुटुंबांना महिन्याच्या रोख मजुरीचे आकर्षण वाटले तर नवल नाही. शेतात राबताना त्यांना ऊनपाऊस ठाऊक होता. यंत्राच्या बरोबरीने राबणे त्यांना ठाऊक नव्हते.

गिरणीचा दिवस सूर्यावर चाले. पहाटे फटफटताच इंजिन सुरू होई आणि सूर्य बुडेपर्यंत ते थांबत नसे. त्यामुळे हिवाळ्यात काम अकरा तासांच्या आसपास आटपे, पण उन्हाळ्यात ते तेरा तासांच्याही पुढे जाई. मध्ये जेवणासाठी अर्धा तास मिळाला तर मिळाला. पुष्कळ ठिकाणी साच्यावर, म्हणजे मागावर, उभ्या असलेल्या माणसाने शेजाऱ्याला आपले यंत्र पाहायला सांगून भाकरी खावी, अशी रीत होती. हवेत कापसाची धूळ तरंगत असे. पट्टे, दाते, चाके उघडीच फिरत. त्यांत धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर अडकला म्हणजे हात गेला, कधी जीव गेला. जखमी माणसाला गिरणीचे दार बंद होई, कारण त्याला पोसण्याचे बंधन मालकावर कोणत्याही कायद्याने घातलेले नव्हते.

मजुरीची गोष्टही अशीच होती. ती महिन्याच्या हिशेबाने ठरे, पण महिना संपताच हाती पडत नसे. एका महिन्याचे पैसे पुढचा महिना अर्धा किंवा पुरा सरल्यावर मिळत. ही दिरंगाई हिशेबनिसांच्या आळसामुळे होत नव्हती. मजुरी अडकलेली असली की कामगार गिरणी सोडून जात नाही, हे मालकांना पक्के ठाऊक होते. न कळवता काम सोडले तर अडकलेली रक्कम बुडे. तोवर कामगाराने वाण्याकडून उधारीवर धान्य आणावे, भाडे थकवावे आणि सावकाराकडे जावे. दंडाची कात्री वेगळीच होती. उशीर झाला, सूत तुटले, कापडावर डाग पडला की मजुरीतून पैसे कापले जात. काही ठिकाणी बिघडलेले कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत वसूल केली जाई.

या परिस्थितीला कायद्याच्या भाषेत पहिल्यांदा संघटितपणे वाचा फोडणारे गृहस्थ स्वतः साच्यावर कधी उभे राहिले नव्हते. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली ठाणे येथे एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला. त्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. ठाण्यात त्यांचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले. त्या काळी त्या समाजातील मुलाने एवढे शिकणे हीच असामान्य गोष्ट होती, आणि एवढ्या शिक्षणावर सरकारी नोकरी मिळवून स्वस्थ आयुष्य काढणे सहज शक्य होते. त्यांनी प्रारंभी रेल्वेत आणि नंतर टपाल खात्यात नोकरी केलीही. पुढे ते मुंबईच्या मांडवी मिलमध्ये स्टोअरकीपर, म्हणजे गिरणीच्या कोठाराचे कारभारी, म्हणून रुजू झाले.

कोठारावरच्या माणसाची जागा मोठी चमत्कारिक असते. तो मालकाचा विश्वासू नोकर असतो. त्याच्याकडे किल्ल्या असतात, वह्या असतात. पण दिवसभर त्याच्या दाराशी येतात ते कामगार. तेल, पट्टे, धोटे, चात्या मागायला येणाऱ्या माणसांची अवस्था त्याच्या नजरेतून सुटू शकत नाही. गिरणीचा माल किती निघतो आणि तो काढणाऱ्याच्या हाती काय पडते, हे दोन्ही त्याला कळते. लोखंडे यांच्या पुढच्या सर्व लिखाणात आणि मागण्यांत जो नेमकेपणा दिसतो, त्याचे मूळ या नोकरीत असावे. ते दयेची भाषा फारशी वापरत नाहीत. तास किती, सुट्टी कोणती, मजुरी कोणत्या तारखेला, असे त्यांचे प्रश्न असतात.

या नोकरीइतकाच दुसरा संस्कार त्यांच्यावर झाला तो महात्मा जोतीराव फुले यांचा. फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना केली. या समाजाची मुळे मुंबईतही लवकरच रुजली. तेथे त्याला बळ देणाऱ्यांत व्यंकू बाळाजी काळेवार, रामय्या व्यंकय्या अय्यावारू यांच्यासारखे तेलुगू भाषक कंत्राटदार पुढे होते, ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुंबईच्या इमारती आणि रस्ते बांधणाऱ्या कामाठी समाजातून वर आलेली ही माणसे होती. मराठी शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या चळवळीला त्यांनी सढळ हाताने पैसा पुरवला. लोखंडे या मंडळींत सामील झाले आणि थोड्याच काळात मुंबईतील सत्यशोधकांचे प्रमुख कार्यकर्ते बनले.

कृष्णराव भालेकर यांनी १८७७ च्या जानेवारीत पुण्यात ‘दीनबंधू’ हे साप्ताहिक सुरू केले होते. शेतकऱ्यांची आणि कष्टकऱ्यांची बाजू मांडणारे ते पत्र पैशाअभावी बंद पडण्याच्या बेतात आले. १८८० मध्ये लोखंडे यांनी ते मुंबईत आणून आपल्या खांद्यावर घेतले. वाचकांपैकी बहुसंख्य निरक्षर आहेत, अशा वर्गासाठी वर्तमानपत्र चालवणे म्हणजे उताराकडून चढाकडे पाणी नेण्यासारखे होते. तरीही दीनबंधू तग धरून राहिले. चाळीत एकाने मोठ्याने वाचावे आणि दहा जणांनी ऐकावे, अशा रीतीने त्यातील मजकूर गिरण्यांपर्यंत पोहोचत असे.

लोखंडे संपादक झाले त्याच्या पुढच्याच वर्षी हिंदुस्थानातील पहिला कारखाने कायदा झाला. त्याची जन्मकथा गुंतागुंतीची आहे, आणि ती समजल्याखेरीज लोखंडे यांच्यापुढील अडचण ध्यानात येणार नाही.

मुंबईच्या गिरण्या स्वस्त सूत काढू लागल्या तेव्हा इंग्लंडमधील लँकेशायरचे गिरणीमालक अस्वस्थ झाले. त्यांच्या देशात कारखान्यांसाठी कायदे होते. मुलांचे आणि स्त्रियांचे कामाचे तास बांधलेले होते. हिंदुस्थानात तसे काहीच नाही, ही स्पर्धा विषम आहे, अशी ओरड त्यांनी सुरू केली. त्यांच्या कळवळ्यात मजुरांविषयीची दया किती आणि धंद्याची चिंता किती, हे कोणालाही कळण्यासारखे होते. हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावरची जकात रद्द करावी म्हणूनही हेच लोक झगडत होते, आणि १८८२ मध्ये त्यांनी ते साधले. त्यामुळे कारखाने कायदा हा देशी उद्योगाचा गळा घोटण्यासाठी मँचेस्टरने रचलेला डाव आहे, असे येथील गिरणीमालक म्हणू लागले. बहुतेक देशी वृत्तपत्रांनी आणि देशभक्त पुढाऱ्यांनी त्यांची री ओढली. त्यांचा संशय निराधार नव्हता. पण त्या संशयाच्या आड तेरा तास उभा राहणारा माणूस दिसेनासा झाला होता.

या सार्वत्रिक विरोधाला काही अपवाद होते. सोराबजी शापूरजी बंगाली या पारशी सुधारकाने १८७८ मध्ये मुलांच्या आणि स्त्रियांच्या संरक्षणासाठी एका विधेयकाचा मसुदा तयार केला होता. मुंबई सरकारने तो मांडण्यास परवानगी दिली नाही. तरी त्यांनी हा विषय लावून धरला.

अखेर १८८१ मध्ये जो कायदा झाला तो फारच तोकडा होता. यंत्रशक्तीवर चालणाऱ्या आणि शंभर किंवा अधिक माणसे असणाऱ्या कारखान्यांनाच तो लागू झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेऊ नये, सात ते बारा वर्षांच्या मुलांकडून नऊ तासांपेक्षा अधिक काम घेऊ नये, त्यांना दिवसात तासभर विसावा आणि महिन्यात चार सुट्ट्या द्याव्यात, धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालावे, एवढेच त्यात होते. मुलाचे वय ठरवायला जन्माचा दाखला क्वचितच असे, त्यामुळे आठ वर्षांचा मुलगा तेरा वर्षांचा ठरायला वेळ लागत नसे. प्रौढ पुरुषांविषयी आणि स्त्रियांविषयी कायदा मूक होता.

१८८४ मध्ये मुंबई सरकारने कायद्याचा फेरविचार करण्यासाठी एक आयोग नेमला. आयोगापुढे मालक साक्ष देणार, अधिकारी देणार, डॉक्टर देणार. पण कामगारांच्या वतीने कोण बोलणार? लोखंडे यांनी हा प्रश्न हाती घेतला. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळ येथे त्यांनी गिरणी कामगारांची सभा बोलावली. तीन दिवसांनी, २६ सप्टेंबरला, दुसरी सभा झाली. कामगारांनी आपल्या मागण्यांवर विचार करण्यासाठी उघडपणे एकत्र जमावे, ही गोष्ट मुंबईला नवी होती. मालकाच्या नोकराने ती घडवून आणावी, हे तर अधिकच धाडसाचे होते. या सभांतून तयार झालेल्या निवेदनावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या आणि अंगठे होते. ते आयोगाला सादर करण्यात आले.

निवेदनात पाच मागण्या होत्या. आज त्या वाचताना त्यांचा संयम प्रथम नजरेत भरतो.

पहिली मागणी आठवड्यातून एक दिवस, रविवारी, पूर्ण सुट्टी मिळावी ही. तोवर गिरण्या काही सणांना बंद राहत आणि एरवी यंत्रांची साफसफाई करायची असेल तेव्हा काही वेळ थांबत. पण ती साफसफाईही कामगारांनाच करावी लागे. रविवारच का मागितला, याची कारणे अनेक सांगितली जातात. इंग्रजी कचेऱ्यांना तोच दिवस मोकळा असे. शिवाय पुणे-साताऱ्याकडील कामगारांचे कुलदैवत असलेल्या खंडोबाचा तोच वार. एका दिवसात दोन्ही जमाखर्च जुळत होते.

दुसरी मागणी दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी ही होती. तिसरी, काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. या मागणीत आठ तासांचा, दहा तासांचाही उल्लेख नाही. पहाटेच्या अंधारात घर सोडावे लागू नये, एवढीच ही विनंती आहे. यापेक्षा अधिक मागितले असते तर मालकांनी निवेदन वाचण्यापूर्वीच फेकून दिले असते, याचा अंदाज लोखंडे यांना असणार.

चौथी मागणी मजुरीची होती. ज्या महिन्याचे काम, त्याची मजुरी पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावी. मजुरी वाढवून मागितलेली नाही. कमावलेले पैसे वेळेवर मागितले आहेत. उधारी, व्याज आणि मालकाच्या मुठीतली गुलामी, या तिन्हींची गाठ याच एका तारखेत होती, आणि ती हेरणे हे कोठाराच्या वह्या पाहिलेल्या माणसाचेच काम होते. पाचवी मागणी सर्वांत दूरदृष्टीची. काम करताना जखमी झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण मजुरी मिळावी आणि तो कायमचा अपंग झाला तर त्याच्या निर्वाहाची तरतूद व्हावी.

या मागण्यांचे पुढे काय झाले ते येथेच सांगणे सोयीचे ठरेल. सुट्टी आणि दुपारची विश्रांती यांसाठी सात वर्षे लागली. कामावर झालेल्या इजेची भरपाई देणे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, हे मान्य होण्यास १९२३ चा कामगार भरपाई अधिनियम यावा लागला, म्हणजे एकोणचाळीस वर्षे. मजुरी ठरावीक तारखेच्या आत द्यावी, हे बंधन १९३६ च्या मजुरी प्रदान अधिनियमाने घातले. त्यात हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांना महिना संपल्यापासून सात दिवसांची आणि मोठ्या कारखान्यांना दहा दिवसांची मुदत होती. लोखंडे यांनी पंधरा दिवसांची सवलत देऊ केली होती. ती मालकांनी स्वीकारली असती तर त्यांच्याच फायद्याची ठरली असती. १९३६ च्या अधिनियमाची जागा घेणारी वेतन संहिता २०१९ मध्ये संमत झाली आणि इतर तीन कामगार संहितांबरोबर नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली. तिच्यातही मासिक वेतन पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत देण्याचे बंधन आहे.

१८८४ च्या निवेदनाला मात्र तात्काळ फळ आले नाही. आयोगाचा अहवाल झाला आणि सरकारी दप्तरात पडून राहिला. लोखंडे यांनी ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’ या नावाने कामगारांची संघटना उभी केली. ते तिचे अध्यक्ष होते. भारतातील ही पहिली कामगार संघटना म्हणून ओळखली जाते. तिची स्थापना १८८४ ची मानावी की १८९० ची, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मतभेदाचे कारण उघड आहे. या संघटनेला वर्गणी नव्हती, सभासदांची यादी नव्हती, लिहिलेले नियम नव्हते. पुढे एका सरकारी अहवालात या उणिवांकडे बोट दाखवून तिच्या अस्तित्वाविषयीच शंका घेण्यात आली. आजच्या व्याख्येनुसार तिला संघ म्हणता येणार नाही, हे खरेच आहे. पण ज्या काळात संघ स्थापणाऱ्याला कायद्याचे कसलेच संरक्षण नव्हते, त्या काळात सभासदांची यादी करणे म्हणजे कोणाला कामावरून काढायचे याची यादी मालकांच्या हाती देणे होते. नोंदणीकृत संघाला संरक्षण देणारा कामगार संघ अधिनियम १९२६ साली झाला.

१८९० हे वर्ष लोखंडे यांच्या आयुष्यातील सर्वांत धकाधकीचे. कारखाने कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक सरकारपुढे आले होते आणि मालकांचा विरोध पूर्वीइतकाच तीव्र होता. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर लोखंडे यांनी कामगारांची सभा बोलावली. श्रीमंतांच्या करमणुकीच्या त्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री कामगारांनीही त्या सभेत भाषणे केली. स्त्रीने चारचौघांत बोलणे निंद्य मानले जात असे, त्या काळातली ही घटना. गिरणीतील स्त्रिया बहुधा सूत गुंडाळण्याच्या कामावर असत आणि त्यांना कामाच्या नगावर मजुरी मिळे. या दोन स्त्रिया व्यासपीठावर चढल्या तेव्हा कामगार हा शब्द केवळ पुरुषांपुरता राहिला नाही.

सभेने आठवड्याच्या सुट्टीची मागणी करणारा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे पाठवला. या वेळी मालकांना तो बाजूला सारता आला नाही. सरकार कायदा करणार हे दिसत होते आणि मैदानावर जमलेली माणसेही त्यांनी पाहिली होती. १० जून १८९० रोजी मालकसंघाने आठवड्यातून एक दिवस सुट्टी देण्याचे मान्य केले.

विजय मोठा होता, पण लोखंडे त्यावर थांबले नाहीत. मालकांनी कृपा म्हणून दिलेली सुट्टी मंदीच्या दिवसांत टिकेल आणि तेजीच्या दिवसांत जाईल, हे ओळखणे कठीण नव्हते. ती मुंबईच्या संघातील गिरण्यांपुरतीच होती; अहमदाबाद, सोलापूर, नागपूर येथील कामगारांचे काय? त्यासाठी कायदाच हवा होता. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने नवा कारखाने आयोग नेमला. त्याच्या मुंबईतील कामकाजात कामगारांच्या बाजूने भाग घेण्यासाठी लोखंडे यांची निवड झाली. सोराबजी बंगाली हेही त्या आयोगाचे सदस्य होते. सहा वर्षांपूर्वी ज्यांना आयोगाच्या दाराशी निवेदन घेऊन जावे लागले, ते आता आत बसून साक्षीदारांना प्रश्न विचारू लागले.

देशी उद्योगाचे शत्रू, मँचेस्टरचे हस्तक असा आरोप कायद्याचे समर्थन करणाऱ्यांवर होतच होता. कापडाचा धंदा देशी आहे, तसे तो चालवणारे हातही देशीच आहेत, ही गोष्ट आरोप करणाऱ्यांच्या ध्यानी येत नव्हती. लोखंडे यांना परदेशी मालकाची बाजू घ्यायची नव्हती. पण आपल्या देशाचा मालक आहे म्हणून त्याने मुलांकडून कसेही काम घ्यावे, हेही त्यांना मान्य नव्हते. या दोन टोकांमधील वाट अरुंद होती, आणि शेवटपर्यंत ते त्याच वाटेने चालले.

१८९१ चा कारखाने कायदा १ जानेवारी १८९२ पासून अमलात आला. तो पन्नास किंवा अधिक माणसांच्या कारखान्यांना लागू झाला. मुलांचे किमान वय सातवरून नऊवर गेले. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी सात तासांची मर्यादा आली. स्त्रियांसाठी अकरा तास ठरले आणि त्यांत दीड तासाची विश्रांती. सर्व कामगारांना आठवड्याची सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विसावा मिळाला. प्रौढ पुरुषांच्या तासांना मात्र कायद्याने हात लावला नाही. ती मर्यादा कापडगिरण्यांसाठी १९११ मध्ये आली, तीही बारा तासांची. तोवर गिरण्यांत विजेचे दिवे लागले होते आणि सूर्यास्ताची जुनी सीमाही पुसली गेली होती.

लोखंडे यांचे कार्य गिरण्यांपुरते मर्यादित नव्हते. विधवांचे केशवपन करण्याची क्रूर रूढी उच्च जातींत होती. १८९० मध्ये त्यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांची सभा भरली आणि आपण यापुढे हे काम करणार नाही, असा निश्चय नाभिकांनी केला. मजुरी वाढवण्यासाठी किंवा तास कमी करण्यासाठी काम नाकारल्याची उदाहरणे जगात पुष्कळ सापडतील. दुसऱ्यावरील अन्यायात आपला हात नको म्हणून कारागिरांनी आपली मजुरीच सोडावी, असे उदाहरण विरळा. फुले यांच्या शिकवणीचा आणि कामगार चळवळीचा सांधा येथे स्पष्ट दिसतो. त्याच वर्षी, २८ नोव्हेंबर १८९० रोजी, फुले यांचे पुण्यात निधन झाले.

१८९३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा भीषण दंगा उसळला. गिरण्यांत दोन्ही समाजांची माणसे शेजारी शेजारी काम करत होती. वस्तीत मात्र ती एकमेकांवर धावून गेली. लोखंडे यांनी भायखळ्याच्या राणीच्या बागेत ऐक्यासाठी मोठा मेळावा घडवून आणला. शांतता प्रस्थापित करण्याच्या या कामगिरीची सरकारने दखल घेतली. १८९५ मध्ये त्यांना रावबहादूर हा किताब मिळाला आणि जस्टिस ऑफ द पीस म्हणून त्यांची नेमणूक झाली. सरकारी किताब स्वीकारणारा कामगार पुढारी पुढच्या पिढीला विचित्र वाटू शकेल. पण लोखंडे यांचा काळ अर्जांचा, निवेदनांचा आणि आयोगांचा होता. सरकारच्या दारी मान असल्याने अर्जाचे वजन वाढते, हे ते जाणून होते.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचे रोगी आढळले. पाहता पाहता साथ साऱ्या शहरात पसरली. दाटीवाटीच्या चाळींत ती सर्वाधिक भडकली. घरांची झडती, रोग्यांना बळजबरीने हलवणे या सरकारी उपायांनी लोक आणखी भेदरले आणि हजारोंच्या संख्येने गावाकडे पळू लागले. गिरण्यांतील यंत्रे माणसांवाचून थांबू लागली. तेव्हा एक गोष्ट घडली, जिची नोंद कायद्याच्या इतिहासात सहसा होत नाही. महिना महिना मजुरी अडकवून ठेवणाऱ्या मालकांना माणसे टिकवण्यासाठी रोजची मजुरी रोज मोजावी लागली. आपल्या धंद्याला ते परवडणार नाही, असे जे आजवर सांगितले जात होते, ते माणसे मिळेनाशी होताच परवडू लागले.

लोखंडे शहर सोडून गेले नाहीत. सरकारी रुग्णालयांची धास्ती घेतलेल्या लोकांना आपल्या माणसांत उपचार मिळावेत म्हणून त्यांनी रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला आणि चाळींतून फिरून रोग्यांची सेवा केली. त्यातच त्यांना रोगाने गाठले. ९ फेब्रुवारी १८९७ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षाच्या आसपास, त्यांचे निधन झाले. सुमारे एक महिन्याने, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचाही त्याच रोगाने मृत्यू झाला.

दीनबंधू पुढे वासुदेवराव बिर्जे आणि त्यांच्यानंतर त्यांच्या पत्नी तानूबाई बिर्जे यांनी चालवले. गिरणी कामगारांची संघटना मात्र तिच्या अध्यक्षांबरोबरच विराम पावली. नवी संघटना बांधायला मुंबईला पुन्हा कित्येक वर्षे थांबावे लागले. पण त्या वर्षांतही गिरण्या आठवड्यातून एक दिवस बंद राहत होत्या.